मोट आणि छत्री यांच्या मधली सुभद्राबाई

नांदूरघाटपासून आत वळलं की माळाच्या टोकाला खडकवाडी लागते. दिवाळी झाली की हे गाव निम्मं रिकामं होतं. ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या वर चढतात आणि माणसं ऊस तोडायला निघून जातात. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं. पण गेली कितीतरी वर्षं त्यांच्याबरोबर लेकरंही मागं राहायची, आणि ती राहायची ती सुभद्राबाईमुळं.

सुभद्राबाई स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. लग्न झालं त्याच साली नवऱ्याबरोबर तिचा कोयता झाला, म्हणजे दोघांची ऊस तोडायची जोडी मुकादमाकडं लागली. नवरा आश्रुबा अंगानं धिप्पाड, बोलायला कमी. एका हंगामात उसानं भरलेली ट्रॉली उताराला कलंडली आणि तो खाली सापडला. सुभद्राबाईनं त्याचं प्रेत कारखान्याच्या टेम्पोतून गावाकडं आणलं. बरोबर बारा-तेरा वर्षांची लेक मंगल होती, आणि पाचेक वर्षांचा प्रविण. त्या दिवशी टेम्पोतून उतरताना तिनं मनाशी ठरवलं, पुन्हा उसाच्या फडात पाय ठेवायचा न्हाई.

पण पोटाला तर लागतंच. पुढच्या हंगामाला मंगल चुलत्याबरोबर फडात गेली. तिकडंच भाकरी करायची, चुलतीचं लेकरू सांभाळायचं, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायचे. सुभद्राबाई प्रविणला घेऊन गावात मजुरी करत राहिली. दोन हंगाम झाले आणि टोळीतल्याच एका पोराबरोबर मंगलचं लग्न लावून दिलं. ती तेव्हा पोरच होती. सुभद्राबाईला हे पुढं आयुष्यभर खात राहिलं, पण त्या वेळी कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं.

त्याच सुमारास निवडणूक आली आणि तात्यांची जीप खडकवाडीत शिरली. तात्या मोटेच्या पक्षाचे. निशाणी विहिरीवरच्या मोटेची, म्हणून सगळा मुलूख त्या पक्षाला नुसतं मोटच म्हणायचा. तात्या मोठे बागायतदार, केजपासून अंबाजोगाईपर्यंत त्यांच्या शब्दाला वजन. सुभद्राबाई चार बाया घेऊन जीपसमोर बसली.

"तात्या, लुगडं नगं. पाण्याचं बी ऱ्हाऊ द्या. आमी उसाला गेल्यावर आमची लेकरं हितं ऱ्हातील, शाळा शिकतील, एवढी सोय करा."

तात्या खाली उतरले. शाळेच्या ओट्यावर बसले, तिचं पुरतं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "करतो." माणसानं शब्द पाळला. पुढच्या दिवाळीला शाळेच्या दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह उघडलं आणि भाकरी करायला सुभद्राबाईलाच ठेवलं.

तेव्हापासून खडकवाडीचं मत एकगठ्ठा मोटेला. कुणाला सांगावं लागत नव्हतं. सुभद्राबाईचा आवाज असा खणखणीत की तिला भोंगा लागायचा नाही. ती वस्तीच्या तोंडाशी उभी राहून "चला गं, मोटंला" म्हणाली की बाया हातातलं काम टाकून निघायच्या. तात्या सभेत तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही माझी खडकवाडी." सुभद्राबाई लाजून पदर सावरायची, पण घरी येऊन चुलीपुढं बसल्यावर तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं.

प्रविण वसतिगृहात वाढला. हुशार निघाला. अंबाजोगाईला कॉलेज, मग एम.ए., मग बी.एड. त्याच्या मागोमाग वस्तीतली आणखी पोरं शिकली. कुणी पदवीधर, कुणी डिप्लोमावाला. गावात पहिल्यांदाच पॅन्टीला इस्त्री केलेली पोरं पारावर बसू लागली. पण नोकरी कुणालाच लागेना. केजजवळच्या एका संस्थेत मास्तरची जागा निघाली. ती संस्था तात्यांच्या पाहुण्यांची. सुभद्राबाई मोठ्या आशेनं प्रविणला घेऊन गेली. तात्या तवर अंथरुणाला खिळले होते, कारभार त्यांच्या मुलाकडं, विजयसिंहकडं आला होता. त्यानं चहा पाजला, "बघतो मावशी" म्हणाला, आणि जागा त्याच्याच मेव्हण्याच्या पोराला गेली.

प्रविण त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. नंतर तो केजला गेला, पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत शिकवू लागला. तिथंच त्याच्यासारखी पोरं जमत गेली आणि छत्री निशाणीचा नवा पक्ष या भागात आला तेव्हा ही सगळी पोरं त्यात शिरली.

मागच्या निवडणुकीत सुभद्राबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं. मतदानाच्या खोलीपासून जरा लांब, रस्त्याच्या एका बाजूला मोटेचा मांडव, दुसऱ्या बाजूला छत्रीचा. मोटेच्या मांडवात तिच्या वयाच्या बाया, उसाचे काळे डाग हातावर घेतलेली माणसं. पलीकडं जीन्सवाली पोरं, मोबाइल, मोठ्यानं हसणं. त्यातली बहुतेक तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेली. तिनं हात केला तर दोघातिघांनी मान दुसरीकडं वळवली. एक तेवढा उठून आला, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुमी रागावू नका. पण तुमचा पक्ष अडाण्यांचा झालाय."

तिला राग आला नाही. ती मतदानाच्या रांगेला लागली.

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक ऐन हंगामात आली. आणि यंदाच दिवाळी तोंडावर आली तरी वसतिगृहाचा आदेश आला नाही. शाळेतले बंकट गुरुजी हे जुने, निवृत्तीला आलेले. त्यांनी सुभद्राबाईला बोलावून सांगितलं, "बाई, आमच्याकडून प्रस्ताव गेलाय. पुढं कुणी हलवला न्हाई. पहिले, अंथरुणावरून का हुईना, तात्यांचा एक फोन गेला की काम व्हायचं. आता तात्या न्हाईत, यंदा फोन करायला कोणीच न्हाई."

"मी जाते विजयसिंगदादाकडं."

ती दुसऱ्याच दिवशी केजला गेली. बंगल्याच्या बैठकीत गर्दी होती, तरी तिला आत घेतलं. विजयसिंह वागायला कधीच उर्मट नव्हता. शेजारी पुण्याहून आणलेला एक चष्मेवाला तरुण लॅपटॉप उघडून बसला होता आणि पडद्यावर रंगीत पट्टे दिसत होते.

"दादा, हा गट बघा," तो तरुण सांगत होता. "शाळेत न गेलेले आणि सातवीपर्यंतचे, हे आपले. यात महिला तर फारच चांगल्या. दहावीला जरा घसरतं. बारावी ओलांडली की पट्टा उलटतो. पदवीधरांत आपण जवळजवळ नाहीच."

सुभद्राबाईला पट्टे कळले नाहीत, बोलणं कळलं. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि तिनं वसतिगृहाचं काढलं. विजयसिंहनं शांतपणे ऐकलं. मग त्यानं त्या तरुणाला बाहेर जायला सांगितलं.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. तुमी घरच्या म्हणून बोलतो. तात्यांनी हॉस्टेल काढलं. त्यातून जी पोरं शिकली, त्यातलं एक तरी आपल्याकडं राहिलं का? दुसऱ्याचं सोडा. तुमच्या घरातलं बघा."

सुभद्राबाईला मागच्या निवडणुकीतला छत्रीचा मांडव आठवला.

"आपण शिकवायचं आणि त्यांनी शिकून आपल्यालाच पाडायचं. मी कावून ते ओझं उचलू?"

"दादा, लेकरं हायती ती. त्यांला मत न्हाई."

"आज न्हाई, उद्या असंल ना." तो हसला, पण मग त्याचा त्यालाच संकोच वाटला असावा. "ही निवडणूक पार पडू द्या. निवडून आलो की बघू. आत्ता एकच काम करा. मतदानाला टोळ्या परत आणायच्यात. गाड्या आमी लावतो. फोन करून बायांला तयार करायचं तुमच्याकडं. तुमच्या आवाजावर येतील त्या."

चहा आला. ती प्याली. नको म्हणायची सवय तिला नव्हती.

तिथून ती पायी प्रविणच्या अकॅडमीकडं गेली. पोरगा खडू टाकून बाहेर आला, आईला बघून खूश झाला. त्याची बायको ऋतुजा इंग्रजी शाळेत शिकवायची, तीही तिथंच होती, कारण संध्याकाळी छत्रीची बैठक होती. सुभद्राबाईनं पुन्हा सगळं सांगितलं. बंगल्यात झालेलं बोलणं तेवढं गाळलं.

"माय, तुला मी कितीदा सांगितलं," प्रविण म्हणाला, "ते हॉस्टेल म्हणजे त्यांचं मतांचं दुकान होतं."

"तू त्याच दुकानात शिकलास, बाबा."

प्रविणचा चेहरा पडला. ऋतुजानं समजुतीच्या सुरात मधे बोलणं घेतलं. "आई, हॉस्टेलनं लोक उसातच राहतात. पोरांची सोय झाली की आईबाप निवांत फडात जातात. आम्हाला हे जाणंच बंद करायचंय. इथं उद्योग आणायचाय, पाणी आणायचंय."

"लई चांगलं हाय. कवा?"

"सत्ता आल्यावर."

"तवर लेकरानं कुठं ऱ्हायाचं?"

ऋतुजानं प्रविणकडं पाहिलं. प्रविणचा एक मित्र दारात टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "मावशी, आमच्या जाहीरनाम्यात अभ्यासिका हाय. स्पर्धा परीक्षेचं केंद्र हाय. आता टोळीवाल्यांसाठी काय लिहायचं? ती मतं ट्रकात बसून येतेत आन् मोटंचं बटन दाबून जातेत. आमचा वेळ फुकट जातो तिथं."

प्रविण त्याला गप्प करायचा सोडून जमिनीकडं बघत राहिला. जाताना आईला बसस्टँडवर सोडायला आला. बस लागेपर्यंत दोघं उभे होते.

"निवडणुकीनंतर बघू, माय," तो म्हणाला.

तिला वाटलं, हेच वाक्य आपण आजच एकदा ऐकलंय. बस आली आणि ती चढली.

दिवाळी झाली आणि खडकवाडीत उसाला न्यायच्या गाड्या लागल्या. मंगलचं सासर गावातच होतं. नवरा धर्मराज वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. त्यांची थोरली पोर संस्कृती बारा वर्षांची, सातवीत. दरवर्षी हंगामात ती वसतिगृहात राहायची आणि आजीच्या शेजारी झोपायची. तिच्या मागं बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता, तो आता दीड वर्षाचा.

सुभद्राबाई जावयाकडं गेली. "वसतिगृह उघडंल न उघडंल. पण पोरगी माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या."

धर्मराज गाडीला दोर बांधत होता. "मामी, हॉस्टेल असतं तर मला चार माणसांत बोलता आलं असतं. सगळ्यांचीच ऱ्हातेत, गुरुजी सोडत न्हाईत, म्हणलं असतं. आता भावाची पोरं निघाली, समद्या वस्तीची निघाली. आमी दोघं फडात, मग ह्या बारक्याला कुणी बघायचं? वाढ्यात टाकून द्यायचं का?"

मंगल पलीकडं पातेल्यांचं गाठोडं बांधत होती. सुभद्राबाईनं तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं गाठ आणखी आवळली.

संस्कृती गाडीवर चढली ती शाळेच्या दप्तरासकट. "आजी, तिकडं बी शाळा असती म्हणं. साखरशाळा," ती वरून म्हणाली. आजीनं मान हलवली. फडावरची शाळा तिनं कधी पाहिली नव्हती आणि कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. ट्रकात भावाला मांडीवर घेऊन बसलेली ती पोर मंगलसारखी दिसत होती. बाप गेल्यावर मंगल चुलत्याच्या गाडीवर बसली होती, अगदी तशीच. सुभद्राबाईला तिथं उभं राहवेना. ती घरी आली आणि दार लावून बसली.

हंगाम सुरू झाला. गावात पोरांचा आवाज नव्हता. वर्गात ज्यांचे आईबाप उसाला जात नाहीत अशी मोजकीच पोरं उरली, आणि बंकट गुरुजी त्यांना ओट्यावर उन्हात बसवून शिकवायचे. सुभद्राबाईच्या हाताला काम नव्हतं. आदेश येईल म्हणून ती रोज शाळेकडं एक फेरी मारायची. गुरुजी दुरूनच मान हलवायचे.

मधल्या काळात मोटेच्या ऑफिसातून फोन यायचे. ती सांगितलेल्या नंबरावर बोलायची. "वनमाला, यायचं बरं का गं. गाडी येणार हाय." तिकडून वाऱ्याचा आवाज यायचा, कोयत्याचा यायचा, मग वनमाला म्हणायची, "येती की मावशी. तेवढाच एक दिस घर दिसंल." सुभद्राबाई हे काम का करत होती, तिलाच सांगता आलं नसतं. एवढी वर्षं केलं म्हणून करत होती. मनात कुठंतरी असंही होतं की निवडून आल्यावर विजयसिंह म्हणेल, चला मावशी, उघडून टाकू.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गाड्या आल्या. माणसं धुळीनं माखलेली, ओठ फुटलेले. कुणी घराचं कुलूप काढून नुसतंच आत बसून आलं, कुणी मारुतीपुढं नारळ फोडला. सुभद्राबाई गाडीजवळ धावत गेली. मंगल उतरली, धर्मराज उतरला. मागं कुणी उतरेना.

"संस्कृती कुठं हाय?"

"तिकडंच हाय."

"कुणाजवळ?"

"बारक्याला घिऊन कोपीत हाय. शेजारची म्हातारी हाय तिथं." मंगलनं आईकडं बघायचं टाळलं. "गाडीत लेकरं घेतली न्हाईत. जागा कमी हाय म्हणले, मत असंल तेवढ्यानंच बसायचं."

सुभद्राबाई गाडीच्या फाळक्याला धरून उभी राहिली. तिनंच फोन केले होते. तिच्याच आवाजावर या बाया आल्या होत्या, आणि उसाच्या रानात वाढ्यांच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत, एक बारा वर्षांची पोर दीड वर्षाच्या लेकराला घेऊन बसली होती. अशा किती झोपड्या असतील, तिला अंदाज करवेना.

सकाळी रांग लागली. पलीकडच्या मांडवात प्रविण होता. रात्रभर फिरून त्याचे डोळे लाल झाले होते. टोळीची माणसं गाडीतून उतरून रांगेला लागली तसं त्या मांडवातलं कुणीतरी म्हणालं, "आला बे माल." हसू फुटलं. मंगल रांगेत होती. तिनं ते ऐकलं का नाही, कळलं नाही. प्रविणनं ऐकलं हे त्याच्या तोंडावरून दिसलं.

सुभद्राबाईची पाळी आली. बोटाला शाई लागली. पडद्याआड यंत्रापुढं ती उभी राहिली. मोट होती, छत्री होती, आणखी चार चित्रं होती. तिचं बोट सवयीनं मोटेकडं गेलं आणि अर्ध्यात थांबलं. मग छत्रीकडं गेलं, तिथंही टेकेना. बाहेरून कर्मचारी म्हणाला, "आजी, झालं का?" तिनं सगळ्यात खालचं बटन दाबलं. यातलं कोणीही नको असं म्हणायचं असतं तर तेच, एवढं प्रविणनं कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं. ते दाबून तिला हलकं वाटलं नाही. जवळच्या कुणाच्यातरी अंगणातून न बोलता उठून यावं तसं वाटलं.

दुपारी गाड्या परत निघाल्या. सुभद्राबाई एक पिशवी घेऊन आली आणि मंगलच्या शेजारी चढून बसली.

"माय, तू कुठं?"

"तुझ्या कोपीवर. बारक्याला मी बघते. संस्कृतीला माघारी लावून दे."

मंगल बघतच राहिली. कुणी फडाचं नाव काढलं तरी आईला कसं व्हायचं, हे तिला ठाऊक होतं. गाडीवरचा माणूस म्हणाला, "मावशी, तुमी उतरा, दादा इचारतील." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी फडावर पोचल्यावर तिला सगळं ओळखीचं वाटलं आणि तेच नकोसं झालं. तोच धूर, तोच मळीचा वास, त्याच उताराच्या वाटा आणि त्यावरून कलत जाणाऱ्या ट्रॉल्या. संस्कृती कोपीपुढं बसली होती, भाऊ मांडीवर. पोरीचे केस राठ झाले होते, हात उलले होते. आजीला बघून ती पळत आली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आजी, तू बी आलीस का तोडायला?"

दप्तर कोपीच्या आत टांगलेलं होतं. त्यात बारक्याची दुपटी ठेवली होती.

सुभद्राबाईनं धर्मराजच्या मोबाइलवरून प्रविणला फोन लावला. "येऊन भाचीला घिऊन जा." तो म्हणाला, मतमोजणी झाली की येतो.

मतमोजणीत मोट आली. फार थोड्या फरकानं आली. मुकादमानं कोपीकोपीतून जिलेबी वाटली. बायांनी ती लेकरांना दिली आणि पुन्हा फडात गेल्या. दोन दिवसांनी प्रविण एस.टी.नं आला. त्याचे बूट चिखलानं भरले होते. त्यानं लहानपणी वडलांबरोबर फड पाहिला होता, पण त्यातलं त्याला काही आठवत नसावं, कारण तो कोपीत वाकून शिरला आणि उभा राहायला जागा शोधू लागला.

मंगल नुकतीच फडातून आली होती. तिनं भावाला पाणी दिलं.

"तू पडलास म्हणं."

"मी उभा नव्हतो, अक्का. आमचा पक्ष पडला." तो जरा थांबला. "तुमी गाड्यांनी येऊन पाडलं."

"मग?"

"मग काय? ज्यांनी तुझी पोर शाळेतून काढली त्यांनाच मत दिलंस तू."

मंगल चुलीपुढं बसली. तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी गाडी तरी पाठविली. एक दिस माझं घर बघितलं मी. तुमची गाडी कुठं आलती? तू सख्खा भाऊ, तू एक फोन तरी केलतास का, अक्का कुणाला मत देती म्हणून?"

प्रविण बुटावरचा चिखल काडीनं खरवडू लागला.

"तुला वाटलं, ही अडाणी, हिला काय इचारायचं. त्यांला वाटलं, ही अडाणी, ही कुठं जाती." मंगलनं चुलीत पाचट सारलं. "शिकायची पाळी माझी बी आलती. तू शिकलास, मी उसाला आले."

सुभद्राबाई बारक्याला थोपटत ऐकत होती. तिला वाटलं, मधे पडावं. पण कुणाच्या बाजूनं पडावं हे कळेना.

प्रविण म्हणाला, "चुकलं, अक्का." मंगलनं भाकरी टाकली, आणि तो जेवला.

सकाळी तो संस्कृतीला घेऊन केजला निघाला. जाताना पोर भावाला सोडेना. दोन-अडीच महिने तो तिच्याच अंगावर वाढला होता. शेवटी मंगलनंच तिच्या हातातून त्याला ओढून घेतलं. शेजारच्या कोप्यांतली लेकरं वाटेच्या कडेला उभी राहून बघत होती. सगळी खडकवाडीची. त्यातल्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, तिला कुठं नेलं?"

"शाळंला."

"मला कवा नेतेत?"

सुभद्राबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बारक्याला घेऊन आत गेली.

तिनं तो हंगाम तिथंच काढला. पाणी भरलं, लेकरू सांभाळलं, दुपारी इतर बायांचीही बारकी आपल्या कोपीत घेऊन बसली. एका ट्रॉलीचं चाक जरी कुरकुरलं तरी ती हातातलं टाकून बाहेर येऊन बघायची. आठवड्याला केजहून फोन यायचा. संस्कृती कमी बोलायची. मामी चांगली आहे म्हणायची, घर लहान आहे म्हणायची, आणि वर्गात पोरी मला उसवाली म्हणतात हे एकदाच म्हणाली. प्रविण म्हणाला, "गणितात लई मागं पडलीय, माय. भरून काढायला वेळ लागंल." ऋतुजा रोज तिला पुढ्यात घेऊन बसते हेही त्यानं सांगितलं. घरात तिघांची दाटी होते, हे मात्र सांगितलं नाही. ते सुभद्राबाईला त्याच्या आवाजावरून कळलं.

उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा वसतिगृहाच्या दोन खोल्यांत मतदानाचे जुने फलक आणि मोडके बाक रचून ठेवले होते. बंकट गुरुजी निवृत्त होऊन गेले होते. विजयसिंहच्या विजयाच्या सत्काराचं बोलावणं सुभद्राबाईला आलं. ती गेली नाही. छत्रीच्या पोरांनीही एकदा पारावर बैठक घेतली आणि पुढच्या वेळेला टोळीवाल्यांना कसं फोडायचं यावर खूप चर्चा केली. प्रविण त्यात वसतिगृहाबद्दल बोलला म्हणे. त्याचं म्हणणं लिहून घेतलं, आणि चर्चा पुढं सरकली.

फडावर गेलेल्या लेकरांपैकी काही जूनमध्ये शाळेत आलीच नाहीत. "मला कवा नेतेत" असं विचारणाऱ्या पोरीचं पावसाळ्यात गुपचूप लग्न झालं. सुभद्राबाईला तिसऱ्या दिवशी कळलं. ती त्या घरी गेली, दारात उभी राहिली. मुलीच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "काय करावं मावशी, उसाला जाताना एकटीला कुठं ठिवावं?"

सुभद्राबाईजवळ याला उत्तर होतं. वीस वर्षांपूर्वी ते तिनं जीपसमोर बसून मागून घेतलं होतं. आता ते ज्याच्याकडं मागावं असा माणूस मोटेतही उरला नव्हता आणि छत्रीत अजून आला नव्हता. तिनं पाणी घेतलं आणि ती घरी आली.

दिवाळीच्या आधी तिनं मंगलला सांगून ठेवलं, यंदाही बारक्याला बघायला मी येणार, संस्कृतीला शाळेतच राहू दे.